प्लास्टिकचं तेल निघतं हो, वाद त्याचा नाहीच

दर चार-सहा महिन्यांनी तो व्हिडिओ फिरून मोबाईलवर येतोच. लोखंडी पिंप, खाली जाळ, आत कोंबलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, वरून निघालेला पाइप पाण्याच्या बादलीतून फिरवलेला आणि शेवटी बाटलीत टपटपणारं पिवळसर तेल. मग तेच तेल बाईकच्या टाकीत ओतायचं, किक मारायची, इंजिन फुटफुटलं की टाळ्या. आणि मग वाद सुरू. एक पार्टी म्हणते बघा एवढी साधी गोष्ट, पण तेल कंपन्या बाहेर येऊ देत नाहीत, नाहीतर कचराही संपला असता आणि पेट्रोलचा प्रश्नही. दुसरी म्हणते सगळं थोतांड, पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा भाऊ, आणि वर विषारी धूर. दोन्हीकडे शिकलेली माणसं आहेत पण भांडतायत एकाच गोष्टीवर, तेल निघतं की नाही. अरे निघतं ना! लांब साखळीचे रेणू तापवून तोडायची युक्ती तेलशुद्धीकरणवाले १९१३ पासून वापरतायत, त्यावर आज वाद घालणं म्हणजे विमान उडतं का यावर वाद घालण्यासारखं. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. प्लास्टिकपासून इंधन हा इंधनाचा धंदा म्हणून बघितला की फसतो, घाण निस्तरायचा खर्च म्हणून बघितला तर त्याला जागा आहे. सांडपाण्याच्या प्लांटमधून गॅस निघतो, तो वापरतातही, पण गॅस पाहिजे म्हणून कुणी गटारं बांधत नाही. हे इतकं साधं आहे, तरी दोन्ही पार्ट्यांना सुचत नाही.

आधी पाण्याच्या गाडीशी केलेली तुलना बाजूला करू, कारण ती अन्याय करणारी आहे. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन, त्यात जाळायला काही उरलेलंच नाही, म्हणून ती गाडी कधीच चालणार नाही. प्लास्टिकचं तसं नाही. पॉलिथिन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन, बस्स, हजारो कार्बनची माळ. डिझेल पण तेच, फक्त माळ दहा-वीस मण्यांची. एक किलो पॉलिथिन जाळलं तर ४३ ते ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते, डिझेलचा आकडा पण तिथेच, आणि सुक्या लाकडाचा पंधरा-अठराच्या घरात. म्हणजे आपण कचऱ्यात टाकतो ते जवळजवळ घट्ट झालेलं डिझेलच आहे, हे वाक्य व्हिडिओवाले म्हणतात आणि ते खरं आहे. हवा न लागू देता ४००-५०० अंशांना तापवलं की माळ तुटते, वाफ होते, वाफ थंड केली की तेल, जे थंड होऊनही वायूच राहतं ते परत भट्टीत जाळायला, आणि तळाशी काळी भुकटी. यालाच पायरोलिसिस म्हणतात. "एक किलोला एक लिटर" हा दावासुद्धा वाटतो तेवढा फेकलेला नाही. स्वच्छ पॉलिथिनमधून वजनाच्या ७०-७५ टक्के तेल निघू शकतं, ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे पाऊण किलोचे नऊशे मिलीच्या वर भरतात. हिशोब जवळपास जुळला. गोम "डिझेल" या शब्दात आहे.

मी असं एक प्रात्यक्षिक समोर उभं राहून बघितलंय, छोटं युनिट, हौसेनं बनवलेलं, बनवणारा मनुष्य प्रामाणिक. त्यानं काचेची बरणी हातात दिली, "डिझेल" म्हणाला. गडद चहासारखा रंग, आणि वास असा की जळकं मेण, रॉकेल आणि नखं काढायचं रिमूव्हर एकत्र केल्यासारखा, दोन दिवस हाताला येत होता. त्याच्याकडे आधीच्या आठवड्याची दुसरी बरणी होती, ती तिरकी केली तर खालचा तिसरा हिस्सा हललाच नाही, साबणासारखा थिजलेला. कारण साखळी काही मोजून तुटत नाही, कुठेही तुटते. पेट्रोलसारखे हलके रेणू, डिझेलचे मधले आणि मेणाचे जड, सगळी खिचडी एकाच बरणीत. हलक्यामुळे ते डिझेलपेक्षा फार लवकर पेट घेतं म्हणजे साठवायला धोक्याचं, जडामुळे थंडीत गोठतं. आणि तुटलेल्या साखळ्यांची टोकं अर्धवट असतात, त्यांना जोडीदार हवा असतो, म्हणून ठेवल्या ठेवल्या तेलात डिंक धरायला लागतो जो इंजेक्टरच्या बारीक भोकात जाऊन बसतो. बाईक सुरू झाली हे खरंच, पण सहा महिन्यांनी त्या बाईकचं काय झालं याचा व्हिडिओ कुणी बघितलाय? हे सगळं दुरुस्त करता येतं, परत गाळा, ऊर्ध्वपातन करा, हायड्रोजन देऊन टोकं शांत करा, पण ते म्हणजे छोटी रिफायनरीच झाली आणि तिथे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला सुरू होतो.

ही झाली स्वच्छ पॉलिथिनची गोष्ट. कचऱ्यात स्वच्छ पॉलिथिन नसतं, कचरा असतो. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, ५७ टक्के, क्लोरीन. ते तापलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड, ते रिॲक्टरच खातं. पाण्याच्या बाटल्या ज्याच्या बनतात ते पेट (PET) नावाचं प्लास्टिक बघा, त्याच्या वजनाचा तिसरा भाग ऑक्सिजन, त्यातून तेल कमी आणि ॲसिडची पांढरी पावडर जास्त, पाइप चोंदतात. वर माती, पाणी, चिकटलेलं अन्न. म्हणजे आधी वेगळं करा, धुवा, वाळवा. आणि एकदा इतकं वेगळं करून धुऊन वाळवून हातात आलेलं स्वच्छ पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीन भंगारवाला आनंदानं विकत घेतो, त्याचे दाणे बनून परत वस्तू होते, मग त्याचं तेल कशाला करायचं? मला इथे सगळ्यात मोठी विसंगती वाटते. तेलाला जो माल सगळ्यात चांगला तोच रिसायकलिंगलाही सगळ्यात चांगला, आणि जो कुठेच चालत नाही तो तेलालाही नको असतो.

आता समोरच्यांची खरी ताकद कुठे आहे ते बघू, कारण त्याशिवाय हा लेख म्हणजे नुसतं नाक मुरडणं होईल. वेफरचं रिकामं पाकीट घ्या, कडेला चिमटीत धरून फाडा आणि फाटलेली कड उजेडात धरा. बाहेर छापलेली एक फिल्म, आत दुसरी, मध्ये ॲल्युमिनियमचा चंदेरी थर, तो इतका पातळ की केसाची जाडी त्याच्यापुढे भिंत वाटेल, आणि हे सगळं चिकटवून एकजीव केलेलं. हे थर वेगळे करणारा यंत्रवाला धंद्यात टिकलेला मी तरी बघितला नाही. कचरावेचक हे पाकीट उचलत नाही कारण पोतं भरलं तरी वजन भरत नाही आणि पुढे गिऱ्हाईक नाही. २०१९ मध्ये जगात साधारण ३५ कोटी टन प्लास्टिक कचरा झाला आणि त्यातलं रिसायकल झालं जेमतेम ९ टक्के. जो माणूस म्हणतो "पायरोलिसिस नको, रिसायकलिंग करा" त्यानं या पाकिटाचं काय करायचं ते सांगावं. आणि हे पाकीट जातं कुठे, तर नाल्यात, समुद्रात किंवा सगळ्यात वाईट म्हणजे कोपऱ्यावर ढीग करून काडी लावली जाते. तो काळा धूर ज्यांनी घरात भरलेला अनुभवलाय त्यांना जाऊन "पायरोलिसिसमध्ये उत्सर्जन होतं" असं सांगायची माझी तरी हिंमत नाही. हा मुद्दा मी शंभर टक्के मान्य करतो.

पण हाच मुद्दा नीट ताणला तर तो व्हिडिओवाल्यांच्या विरोधात जातो. कसं ते सांगतो. एक किलो पॉलिथिन पूर्ण जळलं की सव्वातीन किलोला थोडा कमी, ३.१४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, हे अकरावीचं रसायनशास्त्र आहे, चौदा ग्रॅमचे चव्वेचाळीस ग्रॅम. हा आकडा उघड्यावर जाळा, भट्टीत जाळा, की तेल करून इंजिनात जाळा, तोच राहतो, तेल करणं म्हणजे कार्बनच्या दृष्टीनं नुसता द्राविडी प्राणायाम. म्हणून फायदा झाला का तोटा हे तेलात नाही, ते प्लास्टिक नाहीतर कुठे गेलं असतं यात आहे. रस्त्याकडेला पेटवलं जाणार होतं? मग तेल करणं सरळ फायद्याचं, कार्बन तितकाच पण काजळी नाही आणि गाडी दोन मैल पुढे गेली. कचरा पुरायच्या नीट बांधलेल्या भरावात पुरलं जाणार होतं? तिथे तो कार्बन शेकडो वर्षं गपचूप पडून राहिला असता, तुम्ही उकरून हवेत सोडलात, बदल्यात विहिरीतून तेवढं डिझेल कमी काढलं गेलं असं धरलं तरी फार तर बरोबरी. आणि भंगारात जाऊन त्याची बादली होणार होती? मग चक्क नुकसान, कारण एक किलो नवं पॉलिथिन कच्चा माल धरून बनवायला ७०-८० मेगाज्यूल लागतात आणि तुम्ही ते जाळून ४५ पण हातात घेत नाही. एकच यंत्र, एकच तेल, आणि तीन वेगळी उत्तरं. युरोपीय संघानं २००८ च्या कचऱ्याच्या कायद्यात इंधन बनवण्याला रिसायकलिंग म्हणायचं नाही असं लिहून ठेवलं, ते काही तेल कंपन्यांच्या दबावानं नाही, या हिशोबानं. वस्तू परत आली तर रिसायकल, जळून गेली तर जळून गेली.

"पण इंधनाचा प्रश्न तर सुटेल!" बरं, करून बघू. जगातला तो सगळा ३५ कोटी टन कचरा गोळा झाला, धुतला, पीव्हीसी-पेट सुद्धा जादूनं तेल द्यायला लागलं असं समजू, आणि ७० टक्के तेल निघालं. झालं २५ कोटी टन, म्हणजे १९० कोटी बॅरलच्या आसपास. जग रोज साधारण १० कोटी बॅरल तेल वापरतं. वर्षभराचं सगळ्या पृथ्वीचं प्लास्टिक वितळवून एकोणीस दिवस. आणि यात गोळा करायला फिरणाऱ्या ट्रकचं डिझेल धरलेलंच नाही, मोकळ्या पिशव्यांचा ट्रक म्हणजे बराचसा हवेचाच ट्रक असतो. तेल कंपन्या या एकोणीस दिवसांना घाबरून शोध दाबून ठेवतायत असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच सांगायचंय की प्लास्टिक बनवायचा कच्चा माल पण त्याच विकतात. कचरा गायब होतोय असं लोकांना वाटलं तर त्यांचा माल जास्तच खपेल, त्या कशाला विरोध करतील?

एक युक्तिवाद मला खरंच आवडतो, माझ्या एका मित्राचा आहे, तो म्हणतो पेट्रोल पण एकेकाळी कचराच होतं. खरंय. १८५९ ला पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागली तेव्हा लोकांना दिव्यांसाठी रॉकेल हवं होतं, रॉकेल काढताना जो हलका, भडकणारा भाग निघायचा तो नकोसा, कारखानेवाले तो नदीत सोडून द्यायचे. मग मोटार आली आणि कचरा राजा झाला. तसंच दगडी कोळशाचं डांबर, गॅस बनवताना उरणारी काळी चिकट घाण, त्यातून अठरा वर्षांच्या पर्किननं १८५६ मध्ये जांभळा रंग काढला आणि रंग-औषधांचा अख्खा उद्योग उभा राहिला. मग प्लास्टिकचं का नाही होणार? दोन कारणं. डांबर एका कारखान्यात एका नळातून, रोज एकाच जातीचं निघायचं. प्लास्टिक लाखो घरांतून, शंभर जातींचं, एकमेकांत मिसळून, मातीत लोळून येतं, इथे रसायन सोपं आणि गोळा करणं अवघड आहे. आणि दुसरं, जे मित्राच्या लक्षात आलं नाही, पेट्रोल कचऱ्यातून राजा झालं त्यानंतर ते कमी झालं का? उलट ते जास्तीत जास्त कसं काढता येईल यासाठी सगळी अक्कल लावली गेली, वर सांगितलेली १९१३ ची रेणू तोडायची युक्ती पेट्रोल वाढवायलाच काढली होती. कचऱ्याला भाव आला की तो कचरा संपत नाही, त्याची गरज पडायला लागते. कचरा जाळून घरं गरम करणाऱ्या स्वीडनचं बघा, भट्ट्या एवढ्या बांधल्या की त्यांना बाहेरच्या देशांतून कचरा आणावा लागतो. स्वीडनचं ठीक आहे, शिस्तीत चाललंय आणि देणारे देश वर पैसेही देतात, पण तत्त्व बघा ना, भट्टी बांधली की तिला रोज खायला लागतं, आणि मग पाकीट बदला, कमी वापरा म्हणणारा माणूस भट्टीवाल्याला शत्रू वाटायला लागतो.

मला यापेक्षा जवळची वाटते ती लंडनच्या मैल्याची गोष्ट. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स एवढी नासली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. त्या काळात मोठमोठी शहाणी माणसं सांगत होती की हा मैला म्हणजे सोनं आहे, आपण पेरूतून जहाजं भरून पक्ष्यांची विष्ठा खत म्हणून आणतो आणि इथे त्याहून भारी खत नदीत सोडतो. लीबिगसारखा नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ त्यात होता. रसायन बरोबरच होतं, मैल्यात नायट्रोजन असतो, पिकाला तो लागतो, आक्षेप घ्यायला जागा नाही. कंपन्या निघाल्या, मैला समुद्रकाठच्या जमिनीवर नेऊन शेती पिकवायच्या योजना झाल्या, आणि फायदा काही हाताला लागला नाही, कारण खत कमी आणि पाणीच फार, वाहून न्यायलाच सगळं खर्च व्हायचं. शहर वाचलं ते बझलगेट नावाच्या इंजिनिअरच्या गटारांनी, आणि ती कर्ज काढून, लोकांच्या करातून बांधली. समजा तेव्हा ठरवलं असतं की मैला विकून नफा होईल तेव्हाच गटारं बांधू? तर लंडनवाले कॉलऱ्यात मेले असते आणि मैल्यात सोनं आहे का नाही हा वाद अजून चालू असता.

प्लास्टिकच्या तेलाचं नेमकं हेच होतंय. जपाननं २००० साली साप्पोरोत घरगुती प्लास्टिकचं तेल करायचा मोठा प्लांट सुरू केला, वर्षाला हजारो टनांचा, कचरा वेगळा करायची शिस्त असलेला देश, म्युनिसिपालिटीनं वेगळं गोळा केलेलं प्लास्टिक, क्लोरीन काढायची सोय, सगळं होतं. तेल निघत होतं. दहाएक वर्षांनी परवडेना म्हणून बंद झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं कोळशापासून पेट्रोल काढलं तेव्हा पण रसायन चाललं, विमानं उडाली, युद्ध संपलं आणि स्वस्त कच्चं तेल आलं तेव्हा कोळशाच्या तेलाचा बाजार उठला. तेलाच्या भावावर जगणारी कुठलीही गोष्ट भाव पडला की मरते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदेभाव शून्याच्या खाली गेला होता, विक्रेता घ्या म्हणून पैसे देत होता. त्या दिवशी तेल विकून चालणाऱ्या प्लांटनं काय करायचं? कचरा घेणं थांबवायचं. आणि कचरा काही तेलाचा भाव बघून घरातून निघत नाही. म्हणून मी म्हणतो पैसा तेलातून नाही, पाकीट बनवणाऱ्याकडून आला पाहिजे, जो थर एकमेकांना चिकटवतो त्यानं ते निस्तरायचे पैसे पाकीट बाजारात आणतानाच भरावे, तेल विकून जे मिळेल ते वरकड. मग प्लांटला भंगारवाल्याच्या तोंडची स्वच्छ पिशवी पळवायची गरज राहणार नाही, तो खरोखर कुणालाच नको असलेलं तेच घेईल. आणि कदाचित, कदाचित हं, पाकीटवाल्यालाच एका थराचं पाकीट सुचेल. नाहीतर रोग म्हशीला आणि औषध पखालीला हे चालूच आहे.

आता विषारी धूरवाल्यांबद्दल, कारण त्यांनाही मोकळं सोडायचं नाही. डायॉक्सिन हे त्या धुरातलं सगळ्यात बदनाम विष, ते बनायला क्लोरीन लागतो आणि ऑक्सिजन लागतो, पायरोलिसिसमध्ये हवा आत येऊ देत नाहीत आणि पीव्हीसी आधीच बाजूला काढलं तर क्लोरीनही फारसा उरत नाही. त्यामुळे "प्लास्टिक तापवलं म्हणजे डायॉक्सिन" हे सरसकट विधान चूक आहे, आणि ते करून ही मंडळी चांगल्या प्लांटला आणि अंगणातल्या पिंपाला एकाच मापानं मोजतात, ज्याचा फायदा पिंपवाल्यालाच होतो. चांगल्या प्लांटमध्ये सील असतं, नायट्रोजननं हवा हाकललेली असते, वायूवर ॲसिड धुणारा टॉवर असतो. पिंपाला झाकणाच्या फटीत ओली माती लिंपलेली असते. फटीतून हवा आत गेली तर आत गरम पेट्रोलची वाफ आहे, पुढचं मी सांगायला नको. आणि धुराच्या भांडणात तळाशी उरलेली ती भुकटी कुणीच विचारत नाही. प्लास्टिकला रंग देणारी रसायनं, भरलेली खडूची पूड, ॲल्युमिनियम, जुन्या रंगांमधलं शिसं-कॅडमियम, जे जे उडून जात नाही ते सगळं तिच्यात जमा होतं. तेलाचे लिटर सगळे मोजतात, भुकटीचे किलो कुणी सांगतं का?

त्या प्रात्यक्षिकवाल्याला मी शेवटी हेच विचारलं होतं. त्यानं पिंप गार झाल्यावर झाकण काढून दाखवलं, खरवडून काढलेली भुकटी काळी, हलकी, फुंकर मारली तर उडेल अशी. ही कुठे टाकता? तो जरा ओशाळला, मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे चार गोण्या तोंड बांधून ओळीनं ठेवल्या होत्या, पाचवी अर्धी भरलेली, आणि गोण्या अर्थातच प्लास्टिकच्या.